खरखरीत फरशी

पुणे, १० जुलै २०२४

प्रिय उज्वला,

अक्षर पाहून घाबरू नकोस. पेन्सिलीला फोमची जाड नळी चढवलीय आणि ती मुठीत धरून लिहितोय. इथल्या व्यायामाच्या मॅडम म्हणाल्या, "रोज एक पान लिहायचं. कुणाला लिहिणार ते आधी ठरवा, नाहीतर दोन दिवसांत सोडून द्याल." मी तुझं नाव सांगितलं. लग्नाला सतरा वर्षं होऊन गेली आणि तुला पत्र मात्र हे पहिलंच.

मी फोनवर नीट बोलत नाही अशी तुझी तक्रार असते. खरी आहे ती. खाटेला खाट लागलेली आहे. तू "कसं वाटतंय" विचारलंस की सगळा वॉर्ड माझ्या उत्तराची वाट बघतो. शेजारी आपल्या नाशिकच्या पेठ तालुक्यातला बारकू आहे, सागाच्या झाडावरून पडला. त्याला तर माझी सगळी उत्तरं आता पाठ झालीत.

फेब्रुवारीत गाडीवरून पडून मानेचा मणका मोडला, तेव्हा हातांचंही काही सांगता येत नाही म्हणत होते. हात आता येतायत. चमचा धरता येतो. बोटांची टोकं मात्र बधिर आहेत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला घरी सोडतील. त्याआधी बाथरूम बदलून घ्यावं लागेल. आपलं ते सिडकोनं बांधून दिलेलं अंधारं बाथरूम आता चालायचं नाही. कंपनीत इतकी वर्षं मी हेच केलं, पार्टचा पृष्ठभाग बोटांनी तपासला. आणि आता घरची फरशी निवडायची वेळ आली तर बोटांना काही कळत नाही. तुलाच बघावं लागेल. अंबडच्या बाजूला हायवेवर मोठी दुकानं आहेत. काय काय मिळतं ते बघून कळव.

आईला नमस्कार. हर्षालीला सांग, बाबांचं अक्षर तिच्यापेक्षा वाईट झालंय, आता तिला माझ्यावर रागावता येईल.

सोमनाथ


नाशिक, १६ जुलै २०२४

अहो,

पत्र मिळालं. आईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते मागून घेतलं आणि बराच वेळ नुसतं हातात धरून बसल्या. त्यांना वाचता येत नाही, पण कागदामागे उमटलेली अक्षरं त्यांनी बोटांनी चाचपली. मग म्हणाल्या, "दाबून लिवलंय. हाताला जोर आलाय त्याच्या."

काल शाळेतून अर्धी सुट्टी घेऊन हर्षालीबरोबर दुकानात गेले. अहो, किती प्रकार! पांढऱ्या संगमरवरासारख्या दिसणाऱ्या मोठ्या चकचकीत टाईल्स आहेत. एकेक आपल्या दारापेक्षा थोडीच लहान. भिंतीला आणि खाली तीच लावली तर जुना अंधार पार जाईल. खरा संगमरवरही आहे. बेसिनसाठी काळा ग्रॅनाइट, इतका चमकदार की हर्षालीनं त्यात बघून केस नीट केले. त्याखाली दोन दारांचं कपाट करून मिळतं. तुमची औषधं, आईंचं तेल, साबणाचा साठा सगळं आत जाईल आणि पाईपही झाकले जातील.

आंघोळीच्या जागेला काचेचं पार्टिशन घेऊ म्हणते हर्षाली. ते राहू द्या. पण पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिथे छोटा उंबरा मात्र करून घेते. तुमच्या घोटीच्या दादांनी रावजी मिस्त्रींना पाठवलंय. माणूस कमी बोलतो पण काम स्वच्छ करतो.

मेडिकलच्या दुकानात वॉकर बघितला. त्याची रुंदी मोजून आणलीय, आपल्या दारातून तो आरामात जातो. म्हणजे दार बदलायचा खर्च आणि धूळ वाचली.

मला पांढरंच हवंय. इतके महिने हॉस्पिटलच्या त्या हिरवट भिंती बघितल्या, आता घरात उजेड हवा.

उज्वला


पुणे, २२ जुलै २०२४

प्रिय उज्वला,

चकचकीत टाईल भिंतीला लाव, खुशाल पांढरी लाव. पण खाली नको. चकचकीत फरशीवर साबणाचं पाणी पडलं की ती काचेसारखी होते. तू पडशील, आई पडेल.

दुकानातून चार-पाच मॅट टाईलचे नमुने घरी आण. अंगणात ठेव. त्यावर पाणी ओत, साबण चोळ, थोडं खोबरेल तेलही टाक, कारण माझ्या अंगाला तेल लावलेलं असणार. मग अनवाणी उभी राहा आणि पाय सरकवून बघ. डोळे मिट. दुकानदार काय म्हणतो ते ऐकू नकोस, तुझ्या तळव्यांचं ऐक. जी फरशी पाय सरकू देत नाही ती घे. टाईल लहान घेतलीस तर सांधे जास्त येतात आणि पकड चांगली मिळते. पण सांधे साध्या सिमेंटनं भरू नकोस, ते काळे पडतात. इपॉक्सी भरून घे.

खरा संगमरवर बिलकूल नको. लिंबू, औषध, फिनेल काहीही सांडलं तरी डाग कायमचा. ग्रॅनाइट घे, पण काळा चकचकीत नको. आपलं बोअरचं पाणी आहे, आठवड्यात पांढरे क्षार दिसायला लागतील. करड्या रंगाचा घे. आणि त्याच्या सगळ्या कडा गोल करून घे. कुठेही टोक राहता कामा नये.

आंघोळीला बसायचा कट्टा बांधायचा. तो मात्र गुळगुळीत हवा, फरशीसारखा खरखरीत नको.

आता तुला न आवडणाऱ्या गोष्टी. उंबरा नको, जमीन सलग हवी. पाणी ढाळानं जाऊ दे. दार रुंद करावं लागेल. सरकतं केलं तर उत्तम. बेसिनखाली कपाट नको, जागा पूर्ण उघडी राहू दे. आणि बेसिनखाली गरम पाण्याचा पाईप जाईल त्याला जाड आवरण घालून घे.

बारकूची बायको भागीबाई आली आहे, जमिनीवर चटई टाकून राहते. तिनं आज मला नागलीची भाकरी दिली. मी ती स्वतःच्या हातानं खाल्ली.

सोमनाथ


नाशिक, २९ जुलै २०२४

अहो,

तुमचं पत्र आलं तोवर उंबरा बांधून झाला होता. कपाटाचीही ऑर्डर देऊन बसले होते. रावजी मिस्त्रींना पत्रातलं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, साहेबांनी सांगितलंय ते बरोबर हाय. पण उंबरा तोडला तर ढाळ नव्यानं काढावा लागंल, सगळी फरशी खालून घ्यावी लागंल." मग मान खाली घालून तंबाखू मळत बसले. मला वाटतं त्यांना काहीतरी कळलं होतं, पण ते त्यांना बोलायचं नव्हतं.

फरशीचं पटलं. कडांचं पटलं. पण बाकीचं का? वॉकरला एवढं रुंद दार लागत नाही, मी मोजलंय. बेसिनखाली उघडं ठेवून काय मिळणार? पाईप दिसत राहतील, त्यामागे झुरळं होतील. आणि पाईपला आवरण कशाला? त्या पाईपला हात कोण लावणार आहे?

आईंनी देवीला नवस बोललाय. तुम्ही बरे झालात की चैत्रात गडावर तुम्हाला चालत घेऊन जाणार. "सगळ्या पायऱ्या माझ्यासंगं चढल त्यो." रोज दिवा लावताना हे मोठ्यानं म्हणतात. हर्षाली ऐकते, मीही ऐकते.

तुम्ही तिथे काय ऐकलंय ते मला सांगा. आडून आडून फरशीतून सांगू नका. इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी विनाकारण एक खिळासुद्धा ठोकायला सांगितला नाही. पाईपला आवरण कशासाठी हवंय?

उज्वला


पुणे, ५ ऑगस्ट २०२४

प्रिय उज्वला,

बेसिनखाली माझे गुडघे जाणार आहेत. व्हीलचेअर आत सरकल्याशिवाय मला नळापर्यंत पोचता येणार नाही. आणि गुडघे त्या पाईपला टेकले, भाजले, तरी मला कळणार नाही.

डॉक्टरांनी जूनमध्येच सांगितलं. हात बरेचसे येतील. पाय येणार नाहीत. मी विचारलं, "किती टक्के?" ते म्हणाले, "सोमनाथ, मी तुम्हाला आकडा दिला तर तुम्ही त्यालाच धरून बसाल. पाय येणार नाहीत." मीच त्यांना म्हणालो, घरी सांगू नका, मी सांगेन. मग प्रत्येक रविवारी तू आलीस आणि मी सांगितलं नाही. तू डब्यातून काही ना काही करून आणायचीस. डबा उघडला की तोंडातले शब्द मागे जायचे.

आता कळलंय तर पुढचंही ऐक. काम थांबव. उंबरा, कपाट, तुझी पांढरी टाईल, तुला हवं तसं कर. मी दादाकडे घोटीला जातो. दादाशी बोललोय. तिथे खालची खोली रिकामी आहे, गावात एखादा माणूस ठेवता येईल. आईला तिकडे नेता येईल. तू एकोणचाळीस वर्षांची आहेस. हर्षालीचं दहावीचं वर्ष येतंय. सकाळी तिचा डबा, तुझी शाळा, आणि त्याच्या मध्ये नवऱ्याला उचलून धुवायचं, पुसायचं, हे मला बघवणार नाही. इथे दोन वॉर्डबॉय मला पालथा-उताणा करतात तेव्हा मी छताकडे बघतो. तुझे हात असतील तर कुठे बघू?

तुझ्यावर राग नाही, स्वतःवर दया नाही. बराच विचार करून लिहितोय. हे पान तीन दिवस लिहीत होतो.

सोमनाथ


नाशिक, २ सप्टेंबर २०२४

अहो,

महिना झाला, मी लिहिलं नाही. गेल्या रविवारी आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात. मी दुपारभर तुमच्या पाठीशी बोलत बसले आणि मग गाडी पकडली. निघताना भागीबाई जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "ताई, दादा दोन दिस जेवलं नाय." तेव्हा मला तुमचा राग यायचा थांबला. आता लिहू शकते.

आधी हे सांगते. मला माहीत होतं. एप्रिलमध्ये मी तुमच्या पायाची नखं काढत होते. तुम्ही हर्षालीच्या परीक्षेचं विचारत होता. माझा हात सरकला आणि अंगठ्याचं मांस कापलं गेलं. रक्त आलं. तुम्ही विचारतच राहिलात, गणिताचा पेपर कसा गेला, गणिताचा पेपर कसा गेला. मी पदरानं रक्त दाबलं आणि म्हणाले, बरा गेला. त्या दिवशी कळलं मला. पण मी ते कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही सांगितलं नाही. मी वॉकर मोजायला गेले. चकचकीत फरशी बघितली, कपाटाची ऑर्डर दिली. चालणाऱ्या माणसाचं बाथरूम बांधलं तर माणूस चालत येईल, असंच काहीतरी डोक्यात असणार. तेव्हा लपवलं फक्त तुम्ही नाही.

आता घोटीचं. दादांच्या घरात बाथरूम अंगणापलीकडे आहे, पायऱ्या उतरून. पावसात तिथे गुडघाभर चिखल असतो. तुम्ही इतक्या बारकाईनं कडा गोल करून घ्यायला सांगणारा माणूस, तुम्हाला हे दिसलं नाही? तुम्हाला राहायला जागा नकोच आहे. तुम्हाला आमच्यातून निघून जायचंय. तसं असेल तर तसं लिहा, घोटीचं नाव पुढे करू नका.

मला जमेल का, मला माहीत नाही. खोटं लिहीत नाही. मार्चमध्ये नर्सनं मला तुमची लघवीची पिशवी बदलायला शिकवली, तेव्हा मी बाहेर जाऊन ओकले होते. तुम्हाला वाटलं चहाला गेले. पुढच्या वेळी नाही ओकले. त्याच्या पुढच्या वेळी बदलताना मनात संध्याकाळची भाजी ठरवत होते. एवढंच सांगू शकते.

आईंना मीच सांगितलं. त्यांनी विचारलं, "आता देवीला काय सांगू मी?" मी म्हणाले, "खरं सांगा." दुसऱ्या दिवशी दिवा लावताना त्यांनी नवस उच्चारला नाही. नुसते हात जोडले. हर्षालीनं सगळं ऐकून घेतलं आणि रात्री जेवताना एकदम म्हणाली, "बाबांना माझी खोली द्या, ती बाथरूमच्या जवळ आहे."

उंबरा तोडला. पहिला घाव मी घातला. रावजी मिस्त्री म्हणाले, "राहू द्या ताई, हाताला फोड येतील." आले फोड. बाकीचा त्यांनी काढला.

आमच्या शाळेच्या शिपायांच्या ओळखीनं एका ट्रस्टकडून व्हीलचेअर आणली. तिच्यात मी बसले आणि ठरवलं, उठायचं नाही. दारात अडकले. दार फोडून रुंद केलं. मग बेसिनपाशी गेले, गुडघे आपटले. मिस्त्रींनी बेसिनचा ओटा वर-खाली करत विटांवर धरला आणि मी बसल्या बसल्या उंची सांगितली. नळ हाताला येईना, तो बाजूला घेतला. हे सगळं तुम्ही नुसत्या विचारानं लिहिलं होतंत. मला बसल्यावर कळलं.

फरशीचे नमुने अंगणात मांडले. पाणी, साबण, तेल. मी, आई, हर्षाली तिघी डोळे मिटून पाय घासत होतो. शेजारच्या कलाबाई कुंपणातून बघत राहिल्या, त्यांना वाटलं काही व्रत आहे. आई एका तुकड्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "ही धरती पायाला." तीच घेतलीय. करडी, खरखरीत, लहान.

काम थांबणार नाही. तुम्हाला यायचं नसेल तर ते तुम्ही ठरवा.

उज्वला


पुणे, ९ सप्टेंबर २०२४

प्रिय उज्वला,

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी मॅडमना म्हणालो, मला पायाचा अंगठा बघायचाय. त्यांनी पाय वर धरून दाखवला. खूण आहे अजून, बारीक पांढरी. कितीतरी महिने माझ्या अंगावर होती आणि मी बघितली नव्हती.

तू मला विचारलंस, निघून जायचंय का. हो, जायचं होतं. आता का नाही जायचं ते सांगतो.

भागीबाई बारकूला वॉर्डबॉयच्या हातची आंघोळ घालू देत नाही. पडदा ओढून घेते, बादली घेते आणि स्वतः घालते. परवा पडद्याआड दोघं हसत होती. खळखळून. पाणी माझ्या खाटेखाली आलं. वॉर्डबॉय ओरडला तरी थांबेनात. नंतर मी बारकूला विचारलं, "काय झालं होतं रे एवढं?" तो म्हणाला, "काय नाय दादा. ती म्हनली, लगीन झालं तवा नदीवर तू मला पान्यात ढकललं व्हतं, आता माझी पाळी हे." मी म्हणालो, "तुला लाज नाही वाटत?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परदेशी भाषेत बोललो. म्हणाला, "आमचे घरी आंघोळीला भिंतच नाय. घरामागं दगड हे, त्यावर बसायचं. मंग लाज कुठं ठेवायची?"

उज्वला, मला त्या पडद्याचा हेवा वाटला.

मी बारकू नाही. मला भिंत लागते. एक मागणं आहे, ते मान्य असेल तर येतो. आंघोळ मी एकट्यानं करणार. इथे रोज त्याचाच सराव करतोय, खुर्चीवरून बाकावर सरकायचं, बाकावरून खुर्चीवर. जमायला लागलंय. मला वेळ लागेल, तास लागेल, पण आत कुणी यायचं नाही. तूसुद्धा नाही. दिवसातला तेवढा वेळ मी कुणाच्या हातातला नसेन.

बारकूला परवा सोडणार. त्याचा बाप त्याला पाठीवर घेऊन एसटीत चढवणार आहे.

सोमनाथ


नाशिक, २० सप्टेंबर २०२४

अहो,

मान्य आहे. मनापासून नाही, पण मान्य आहे.

काम झालं. भिंतींना माझी पांढरी, खाली तुमची करडी. ग्रॅनाइटच्या कडा रावजी मिस्त्रींनी हातानं घासून इतक्या गोल केल्यात की हर्षाली येता-जाता त्यावरून हात फिरवते. कट्टा गुळगुळीत. पाईपला आवरण. दार सरकतं. भिंतीला धरायचे दोन दांडे बसवले. त्यांना मी लोंबकळून बघितलं, माझं वजन घेतात म्हणजे तुमचं घेतील. उजेडासाठी वरची खिडकी मोठी केली. सकाळी ऊन थेट कट्ट्यावर येतं.

गिझरचं पाणी कमी तापेल असं करून घेतलंय. तरी आधी कोपरानं बघत जा, मॅडमनी मला सांगितलंय.

शेवटच्या दिवशी मिस्त्री हत्यारं गोळा करत होते. आईंनी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "साहेबांना म्हणावं, काय खुपलं तर सांगा. मी परत येऊन नीट करीन." आणि पायरीवर चप्पल घालून निघून गेले.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी गाडी घेऊन येते. हर्षाली शाळा बुडवणार आहे, तिला रागावू नका.

उज्वला


नाशिक, घर, १२ नोव्हेंबर २०२४

उज्वला,

हे पत्र टपालाचं नाही. तुझ्या डब्याच्या पिशवीत हर्षालीकडून ठेवून घेतलं. समोर बसून सांगायला गेलो तर परवासारखं हवापाण्याचं बोलून उठवीन तुला.

घरी आल्यापासून रोज एकट्यानं आंघोळ करतोय. तू बाहेर उभी राहून नळाचा आवाज ऐकतेस हे मला माहीत आहे. मी आतून मुद्दाम गुणगुणतो. दोन्ही चांगलं चाललं होतं.

माझ्या उजव्या टाचेला जखम झालीय. खुर्चीवरून कट्ट्यावर सरकताना पाय मागे राहतो आणि टाच फरशीवर घासत येते. तुझ्या, आईच्या, हर्षालीच्या पायाला ती फरशी चांगली धरते. माझ्या टाचेला ती कानशीसारखी लागतेय. रोज थोडी थोडी. मला कळलं नाही. गेल्या शुक्रवारी मोज्यावर डाग दिसला म्हणून मोबाइलवर फोटो काढून बघितला. मोजा बदलला आणि गप्प बसलो. तुला दाखवलं असतं तर तू आत आली असतीस, आणि मग तेवढीच एक माझी राहिलेली जागा गेली असती. म्हणून शुक्रवारपासून रोज तीच टाच घेऊन मी आत जात राहिलो.

काल दुपारी भागीबाईचा फोन आला. बारकूला माकडहाडापाशी जखम झाली, कुणी पाहिली नाही, चिघळली. तापानं बडबडतोय, नाशिकला दवाखान्यात आणलंय. मग तिनं विचारलं, "तुमचं नीट हे ना दादा?" मी म्हणालो, "नीट आहे." फोन ठेवला आणि मला स्वतःची भीती वाटली. इतक्या सहज म्हणालो मी ते.

कडेची कातडी काळसर दिसतेय. वास येतोय असं वाटतं, पण माझा भरवसा नाही.

बघशील का?

सोमनाथ


नाशिक, घर, १७ नोव्हेंबर २०२४

अहो,

तुमचं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं. डबा न उघडताच परत आणला. तुम्ही दार उघडताना माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीत, म्हणून मीही काही बोलले नाही. रिक्षा थांबवून ठेवली होती.

आता पाच दिवस झाले ड्रेसिंगला. डॉक्टर तुमच्यासमोर म्हणाले ते तुम्ही ऐकलंत, हाडापर्यंत गेलेलं नाही. पण मला बाहेर बोलावून काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणाले, "आणखी आठवडा गेला असता तर मला वेगळं बोलावं लागलं असतं." हे तुमच्यापासून लपवणार नाही.

बारकूला काल भेटून आले. ताप उतरलाय. ओळखलं त्यानं. भागीबाई त्याच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपली होती, मी तिला उठवलं नाही, भाकरी उशाशी ठेवून आले.

फरशी आम्ही तिघींनी आमच्या पायांवर निवडली. तुमच्या टाचेवर निवडायला हवी होती, ते तिघींच्याही डोक्यात आलं नाही. तुमच्याही नाही. रावजी मिस्त्री आले होते. म्हणाले, घासून देतो. मी नको म्हटलं. कट्ट्यापुढे तेवढ्या जागेत जाड रबर बसवून घेतलं. आईंना बाकीची खरखरीतच हवी आहे, त्यांचाही पाय जपायला हवा.

काल संध्याकाळी तुम्ही पाय माझ्या मांडीवर ठेवू दिलात. मी जखम धुतली. तुम्ही छताकडे बघितलं नाहीत. माझ्या हातांकडे बघत होता. मला वाटलं तुम्ही काहीतरी म्हणाल. मग तुम्ही म्हणालात, पाणी कोमट आहे का. मी हो म्हणाले. एवढंच झालं, पण मला रात्री झोप चांगली लागली.

आता माझं मागणं. आंघोळीआधी मी तुमच्या टाचा, पाठ, कंबर बघणार. नंतर पुन्हा बघणार. मधला वेळ तुमचा, दार तुमचं. मी ते ठरवून टाकलेलं नाही. विचारतेय.

याचं उत्तर लिहू नका. गेल्या काही महिन्यांत आपण कागदावर एकमेकांना जे सांगितलं ते सतरा वर्षांत तोंडानं सांगितलं नव्हतं, मला ती पत्रं जपून ठेवायची आहेत. पण आता तुम्ही पलीकडच्या खोलीत आहात. हे तुमच्या चहाच्या कपाखाली ठेवते. वाचून झालं की हाक मारा. मी स्वयंपाकघरात आहे.

उज्वला